अकरा नंबर गरम लागतोय

"मॅडम, अकरा नंबर गरम लागतोय," चाचणीच्या टाकीतून वर घेतलेल्या सोनारवर हात ठेवून फ्रान्सिस म्हणाले.

शिवडीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये बंदराचा तळ तपासणारे सोनार बनतात. (ठाकूरद्वारला आईच्या शेजारणींना वाटतं, मी दागिन्यांच्या दुकानात आहे.) पाण्यात आवाज सोडायचा, प्रतिध्वनीवरून खाली काय आहे ते ओळखायचं. आवाज सोडणारा तुकडा म्हणजे ट्रान्सड्यूसर. या सोनारमध्ये ते चोवीस होते, सगळे फ्रान्सिसनी हाताने जोडलेले.

शेजारशेजारचे ट्रान्सड्यूसर पाण्यातून एकमेकांना ढकलतात, त्यामुळे सगळे सारखे हलत नाहीत. म्हणून मी फीडबॅक बसवला होता. कोण किती हलतोय ते सेन्सर सांगणार, कमी हलला की कंट्रोलर त्याचं व्होल्टेज वाढवणार. स्क्रीनवर चोवीस पट्ट्या, सगळ्या एका उंचीच्या. मला त्याचा भारी अभिमान होता.

"सगळे सारखे चाललेत. उद्या क्लायंट येतोय, आता खोलायचं नाही," मी म्हटलं.

"हाताला कळतं ओ, मॅडम."

"मला स्क्रीनवर कळतं."

त्यांनी सोनार पुसून स्टँडवर ठेवला. रिटायर होऊन ते वर्षावर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर होते आणि त्याच महिन्यात ते रिन्यू व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवशी क्लायंटसमोर अकरा नंबर तडकला. पाणी आत शिरलं, अख्खा सोनार गेला.

मी चाचण्यांच्या नोंदींचा लॉग उघडला. अकरा नंबर कित्येक चाचण्यांपासून थकत चालला होता, आणि माझा फीडबॅक त्याला जास्त जास्त व्होल्टेज देऊन इतरांइतकाच हलवत होता. म्हणूनच त्याची पट्टी बाकीच्यांच्या उंचीची, आणि तो गरम. व्होल्टेजचा रकाना क्लायंट गोंधळेल म्हणून मीच लपवला होता.

आमचे बॉस सामंतसर रिपोर्ट घेऊन आले. कारण, 'जोडणीतील दोष'.

"सर, चूक माझ्या कंट्रोलची आहे."

"डिझाइन चुकलं लिहिलं तर ऑर्डर जाईल. फ्रान्सिस तसेही रिटायर्डच. करा सही."

मी केली. घाबरले, दुसरं काही नाही. फ्रान्सिसचं कॉन्ट्रॅक्ट संपलं.

आठवड्याने त्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे लेखी द्याल?"

"बघते," मी म्हटलं.

"बघा," म्हणाले आणि माझा रिकामा कप उचलून आत गेले.

अजून दिलेलं नाही. चूक कबूल करायची तर सही करायच्या आधी करावी. नंतरची कबुली फक्त आपल्याला बरं वाटावं म्हणून असते, आणि तेवढंही वाटत नाही.