श्रीनिवासकाका आणि पांढरी धूळ

समोरच्या दारातले श्रीनिवासकाका मला पहिल्यांदा भेटले ते माझ्या चपलांवरून. आम्हाला वाघोलीत राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. ऑफिसमधून दमून आले होते, दाराशी उभी राहून पर्समध्ये किल्ली शोधत होते. तेवढ्यात समोरचं दार बोटभर उघडलं.

"चपला घालून घरात जाणार आहात का आपण?"

मी हो म्हणाले.

"मग सगळा रस्ताच न्या की आत. चपलांपुरता कशाला?"

आणि दार बंद. असला संताप आला! पण त्या दिवसापासून आमच्या चपला बाहेर राहिल्या, हेही खरं.

पुढे ओळख झाली आणि कळलं की माणूस खवचट असला तरी वाईट नाही. नुसता दमलेला आहे. सगळी नोकरी विमा कंपनीत कारकुनी करण्यात गेली. शनिवार पेठेत दोन खोल्यांत भाड्याने राहिले. मालकाने इमारत पाडायला काढली तेव्हा हातात आलं त्यात इथे फ्लॅट घेतला. मुलगा आमोद बंगळूरला. घरात हे दोघेच, काका आणि मंदाकिनीकाकू. वाघोलीत घर घेताना म्हणे काका पेठेतल्या सगळ्यांना सांगत सुटले होते, "मोकळी हवा आहे हो, शेतं आहेत समोर." वर्षभरात त्या शेतांभोवती पत्रे लागले. मग खड्डे, मग डंपर, मग दोन टॉवर. मोकळी हवा तशीच आली घरात, फक्त सिमेंटसकट.

त्यातच काकांचं हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. त्यातून ते उठले, आणि काकू खोकायला लागल्या.

साधा खोकला नव्हता. धरला की सुटायचा नाही. बोलता बोलता त्या थांबायच्या, हाताने 'थांब' अशी खूण करायच्या आणि भिंतीला धरून उभ्या राहायच्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, फुप्फुसं नाजूक झाली आहेत, घरात धूळ अजिबात नको. असंच चालू राहिलं तर ऑक्सिजनचं यंत्र आणावं लागेल आणि मग त्याच्या नळीच्या लांबीएवढंच फिरायचं.

ज्या माणसाने जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं, तो दुसऱ्या दिवशी बादली घेऊन उभा राहिला.

काकांनी सगळ्यात आधी केरसुणी बंद केली. "कोरडा केर काढणं म्हणजे खालची धूळ उचलून नाकात नेऊन ठेवणं," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत विचारा, म्हणून दाखवेन. कामाला येणाऱ्या चंपाला ते म्हणाले, नुसतं ओल्या फडक्याने पुसायचं, वरून सुरुवात करायची, फरशी सगळ्यात शेवटी. चंपाने चार दिवस ऐकलं आणि पाचव्या दिवशी दुसरं घर धरलं. मी तिच्या बाजूने आहे. पंख्याचं पातं पुसताना ती चुकली म्हणून त्यांनी तिला सगळी रीत पहिल्यापासून सांगितली होती. जुना अभ्रा पात्यावर चढवायचा, दाबून ओढून घ्यायचा, म्हणजे धूळ अभ्र्यात राहते, पलंगावर पडत नाही. रीत चांगलीच आहे, मी स्वतः आता तसंच करते. पण सांगण्याची पद्धत! जणू ती सातवीत नापास झाली होती.

मग काका एकटेच करायला लागले. पडदे गेले, गालिचा गेला, कपाटावरच्या बॅगा गेल्या, रद्दी गेली. आमोदची शाळेतली बक्षिसं खोक्यात बंद झाली. चादरी, अभ्रे गरम पाण्यातून. सरकत्या खिडक्यांच्या खाचा जुन्या टूथब्रशने. दाराबाहेर एक पायपुसणं, आत दुसरं ओलसर. आणि शेवटी सगळ्या खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी. समोरच्या टॉवरच्या सुपरवायझरशी रोजचं भांडण वेगळंच. "पाणी मारा मातीवर, पाणी! आमच्या घरात तुमचा पाचवा मजला चढलाय."

संध्याकाळी दारात उभे राहायचे तेव्हा त्यांचा हात खांद्यातून वर जात नसे. बोटं पाण्याने सुरकुतलेली. एकदा मी म्हटलं, काका, एखादा दिवस राहू दे की. तर म्हणाले, "धूळ राहू देते का?" हे ते चिडून म्हणाले नाहीत. नुसते दाराच्या चौकटीला टेकले.

आणि इतकं करून काकूंचा खोकला वाढतच होता. दुपारी जास्त.

काकूंबद्दल सांगायचं राहिलंच. काका जेवढे बोलके तेवढ्या त्या गप्प. देवघराशेजारी त्यांची खुर्ची, मांडीवर कापूस, आणि शेजारच्या वाटीत उदबत्त्यांची साठवलेली राख. कापूस बोटांनी पिंजून मोकळा करायचा, चिमटीला राख लावायची आणि तळहातावर वात वळायची. राखेने बोट सरकत नाही, वात घट्ट होते. काकांना ऑपरेशनला आत नेलं तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी लक्ष वातींचा नवस बोलला होता. लाख वाती आपल्या हाताने वळायच्या आणि तुपात भिजवून देवापुढे लावायच्या. काका घरी आले त्याच आठवड्यात कापूस आला.

काका यावर टोमणे मारायचे. "टाके घातले डॉक्टरांनी आणि श्रेय कापसाला." काकू ऐकून घ्यायच्या आणि वळत राहायच्या. दुपारी जेवणं झाली की तासन् तास.

दिवाळीत दोघं आठवडाभर बंगळूरला जाऊन आली. परत आल्यावर काका म्हणाले, "तिकडे एकदाही खोकली नाही. हवा आहे बाबा तिकडची." मी म्हटलं, मग तिकडेच जा राहायला. त्यांनी नेहमीसारखं उलट उत्तर दिलं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर काका कठड्याशी उभे. हातात काळं फडकं होतं, काकूंच्या जुन्या परकराचं. ते त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"बघ."

"धूळ आहे, काका."

"नीट बघ. समोरून येते ती करडी असते, हाताला खरखरते. ही पांढरी आहे. मऊ आहे. तंतू आहेत हिच्यात."

मला कळायला वेळ लागला. मग कळलं. कापूस आणि राख.

"बंगळूरला जाताना विमानात सामान नको म्हणून पिशवी इथेच ठेवली होती," काका म्हणाले. "आल्या आल्या तिने वळायला घेतलं आणि दोन दिवसांत खोकला सुरू झाला. मी खिडक्या बंद करून ते सगळं आत कोंडलं होतं. बाहेर जायची वाटच ठेवली नाही."

"म्हणजे दिवाळीपासून माहितेय तुम्हाला?"

ते फडक्यातले तंतू चिमटीने काढत राहिले.

"आणि काकूंना सांगितलं नाहीत?" माझा आवाज चढला. मला खरंच राग आला होता. जगाला पंखा कसा पुसायचा ते शिकवणारा हा माणूस तीन महिने गप्प बसून रोज पांढरं झालेलं फडकं धूत होता.

"अगं, मी असलं काही मानत नाही," काका म्हणाले. "तुला माहितेय. तरी तिला थांब म्हणायला जातो आणि जीभ रेटत नाही. मनात येतं, अपुरं राहिलं तर? परत काही झालं मला तर? लाज वाटते सांगायला. ती खोकते आणि मी जीव मुठीत धरून फडकं पिळतो. म्हणून तर इतकं पुसतो. तिने वळणं थांबवायला नको आणि धूळही राहायला नको."

 त्यांच्याकडे बघून माझा राग गेला, नुसता थकवा आला. त्यांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि जिना उतरून गेले.

त्या आठवड्यात काकूंना श्वास लागला. भर दुपारी. काकांनी माझं दार नुसतं बडवलं. मी गाडी काढली. मागच्या सीटवर काकू काचेला डोकं टेकून हवा ओढत होत्या आणि काका त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते. नगर रस्त्यावर नेहमीप्रमाणे गाड्या तुंबलेल्या. 

दोन दिवसांनी काकूंना घरी आणलं. डॉक्टर म्हणाले होते, या वेळी वाचलात, पुढच्या वेळी यंत्र नक्की. मी त्यांच्यासाठी मऊ भात घेऊन गेले. काकू पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. काका दाराशी पायपुसणं सरळ करत होते, जे आधीच सरळ होतं. काकूंनी कापसाची पिशवी मागितली.

"नाही," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुझा खोकला समोरच्या टॉवरचा नाही. या कापसाचा आहे आणि त्या राखेचा."

"माहितेय मला," काकू म्हणाल्या.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"बंगळूरला कळलं. न कळायला काय झालं?"

"मग थांबली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे थांबवलंत?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण भाताचा डबा माझ्या मांडीवर होता आणि दाराशी काका. काका पलंगाच्या कडेवर बसले. 

"भीती वाटली," ते म्हणाले.

"मलाही," काकू म्हणाल्या. एवढं बोलून त्यांना धाप लागली. ती बसेपर्यंत काका त्यांची पाठ चोळत राहिले.

मग काका उठले आणि देवघराशेजारची पिशवी उचलून पलंगाशी आले. राखेची वाटी त्यांनी मोरीत ओतली. काकूंनी हात लांब करून पिशवीचा बंद धरला.

"अहो, अर्धवट राहील."

"राहणार नाही. मी वळतो. गच्चीवर, तोंडाला रुमाल बांधून, दुधाचा हात लावून. दुधाने उडत नाही म्हणतात."

"तुम्हाला येतात का वळता?"

"पंखा पुसता येत होता का?"

"तसं नाही," काकू म्हणाल्या. त्यांनी बंद सोडला नव्हता. "नवस तुमच्यासाठी आहे. तुमच्यासाठीच्या वाती तुम्हीच कशा वळणार? ते चालत नाही."

"माझ्यासाठी कोण वळतंय?" काका नेहमीच्या खवचट आवाजात म्हणायला गेले, पण आवाज मध्येच फाटला. "तुझा नवस तू बोललीस. आता मी माझा बोलतो. तुझ्यासाठी."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. ज्या माणसाने उभ्या जन्मात देवापुढे उदबत्ती लावली नव्हती, तो पिशवी छातीशी धरून रडत होता.

काकूंनी बंद सोडून दिला.