सोड रं, माझा हाय

बेळगाव स्टेशनवर मला पोचवायला आलेली तुम्ही गावची मंडळी माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्यावरून भांडत होता. पुण्याच्या एका कारखान्यानं मला फुटबॉलसाठी, बचावाला फुलबॅक म्हणून घेतलं होतं. खेळ टिकला तर नोकरी टिकणार होती. आई डोळ्यांना पदर लावून उभी, आणि तुमचं आपलं चालूच. कुणी म्हणे, उंच बॉल डोक्यानं परतवावा तर सदूनंच, कॅम्पातले गोरे शिपाई अंगावर आले तरी हटत नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, ताकद आहे, पण स्वतःची नजर नाही.

"प्वार कानानं खेळतंय," आपल्या संघातले थोरले आप्पा म्हणाले.

"मग काय झालं? मागं मी हाय न्हवं," बाबूअण्णा म्हणाला.

अण्णा आमचा गोलकीपर. मला अनवाणी खेळायला शिकवलं ते त्यानंच. त्यानं मागून 'सोड' म्हटलं की मी बॉल सोडायचा आणि तो झेलायचा, इतकं सोपं होतं. पुण्यात मागं अण्णा नसणार, हे गाडी सुटेपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पुण्यात बूट मिळाले, चाळीत खोली मिळाली. शिफ्ट, फोरमन, ओव्हरटाइम असले शब्द तोंडात बसले आणि 'न्हाय'चं 'नाही' झालं. तुमची आठवण मात्र लई यायची.

दुसऱ्या वर्षी आपलाच संघ आमच्याशी खेळायला आला. गुडघा गेल्यामुळे अण्णा खेळत नव्हता, आमच्या गोलमागं बघ्यांत उभा होता. त्याला बघून मला भरून आलं. खेळ संपत आला तरी बरोबरी होती. उंच बॉल आला, मी उडी घेणार तोच मागून आवाज आला.

"सोड रं सदू, माझा हाय."

मी सोडला. बॉल गोलात गेला. गोऱ्या रेफ्रीला आपली भाषा कुठली कळायला?

खेळ संपल्यावर अण्णानं पाठीवर हात ठेवला. "गावासाठी केलं रं. मनावर घेऊ नगंस."

गाव म्हणजे मी नव्हतो का? तेव्हा विचारायचं राहिलं, ते आज विचारतो. कारखान्यानं मला काढलं. पुढं छापखान्यात कसाबसा लागलो. तुम्ही मात्र तो किस्सा अजून हॉटेलात चहाबरोबर रंगवून सांगता, आणि त्यात अण्णाच पुढं असतो, असं कानावर येतं. अण्णाला निदान लाज वाटली असेल असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो.

गावाकडच्या बोलीत कुणी मागून हाक मारली की अजूनही जीव हरखतो. पण मी 'ओ' देत नाही. आधी वळून तोंड बघतो.