पासष्टची नळी, सत्तरचं काडतूस

"बसलं ना! मंग अडचण कायची आहे?"

भाऊराव काकांनी बंदूक खटकन बंद केली. मी आधी ती उघडून त्यांची दोन्ही काडतुसं बाहेर काढली. दुकानात भरलेली बंदूक चालत नाही, काका असो का कलेक्टर.

ही २००९ची गोष्ट. मी गोंदियात बंदुकीच्या दुकानात मिस्त्री. नळ्या, घोडे, स्प्रिंगा, सगळं आपणच पाहतो. तेव्हा तीनच वर्षं झाली होती, पण हे प्रकरण पूर्ण माझं!

काका केशोरी गावचे. धानात रानडुकरं, म्हणून पीक संरक्षणाचं लायसन. समोर जुनी इंग्लिश डबल बॅरल. एक ठेकेदार वारले, त्यांच्या घरच्यांनी विकायला ठेवलेली. नक्षी अशी की मलाच सोडवेना.

"माह्या बापानं हे बंदूक त्या ठेकेदाराच्या मांगं जंगलात वाह्यली," काका म्हणाले. "खांद्यावर घ्याची, चालवाची नाही. आता मी घेऊन राहिलो."

सेठ, म्हणजे दुकानाचे मालक, खुश. "बेटा, कागज बना."

मी बॅरल काढल्या. खालच्या सपाट भागावर ठसे असतात. तिथं बारीक अडीच इंच लिहिलेलं! म्हणजे चेंबर, काडतूस बसते ती जागा, ६५ मिलिमीटरची. आमच्या दुकानात काडतुसं सगळी ७०ची. माझा सत्तरच्या मापाचा पितळी गेज घातला, खराद मशीनवर मीच बनवलेला. दोन्ही नळ्यांत पाच मिलिमीटर बाहेरच राहिला.

"सेठ, ही नाही द्यायची."

"क्यों? कारतूस तो बैठ गया!"

"बैठा, पर खुलेगा कहाँ?"

"तीन साल में मेरे को सिखाएगा?"

मी काउंटरवर दोन काडतुसं उभी केली. एक नवं, एक चाललेलं रिकामं.

"काका, कोणतं मोठं?"

"चाललेलं. काऊन?"

"नव्याचं तोंड आत दुमडलेलं असते. बार झाला की उघडते, लांब होते. सत्तर हे माप उघडल्यावरचं. इथं उघडायला जागाच नाही. तोंड पुढच्या अरुंद भागात अडकते, दाब वाढतो, नळी फुटू शकते. अन् तुमचा डावा हात नळीखालीच राहते."

"पण ठेकेदार तर चालवत होता!"

"तेव्हा आखूड काडतुसं मिळत होती, काका."

"मंग चेंबर वाढवून दे."

मी नळीची जाडी मोजली. नेमकी तिथंच पातळ. "या नळीत नाही जमत. मी हात लावणार नाही."

काका नक्षीवर बोट फिरवत बसले. मग हळूच विचारलं, "तुह्या बापानं घेतली असती तं?"

"हातातून हिसकावली असती."

ते हसले. बंदूक सेठकडे सरकवली अन् रॅकमधल्या एका साध्या, बिननक्षीच्या बंदुकीकडं बोट दाखवलं. "इले नाप."

गेज पूर्ण आत! दोन्हीकडं! काकांनी तीच घेतली.

सेठ दोन दिवस माझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी घरची बंदूक घेऊन आले, त्यांच्या आजोबांची. गिऱ्हाईक नाही हे पाहून म्हणाले, "जरा नाप तो ले."

पासष्ट!

सेठ स्टुलावर बसले. "कितने साल से सत्तर चला रहा हूँ मैं..."

काडतूस आत गेलं म्हणून बंदूक घेऊ नका. आधी गेज घाला, नक्षी मग बघा. अन् तो गेज आता सेठच्या ड्रॉवरमध्ये राहते, कुलुपात. मागून घ्यावा लागते, माझाच असून!