पुरे म्हणायची पद्धत

“खाऊ घालून पोर मारली म्हणे यानं तिकडं.”

“हळू बोल गं. ती मिलिटरीची मॅडम बसलीय.”

पडवीत दोन बायका पुऱ्या लाटत होत्या. आवाज थेट ओटीवर येत होता. घोटीत, फौजेत नाईक असलेल्या काशिनाथच्या घरी त्याचं वर्षश्राद्ध होतं. त्याची बायको सुमन पान मांडत होती. तिनंही ते ऐकलं. तिचा हात थांबला. तिनं त्या बायकांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

मी नाशिक रोडची. शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी घरापुरती. लष्करात डॉक्टर म्हणून पाच वर्षं शॉर्ट सर्व्हिस केली, कॅप्टन म्हणून बाहेर पडले. शेवटची पोस्टिंग आफ्रिकेत, शांतिसेनेत. त्या देशात यादवी पेटली होती. आमच्या तळाच्या कुंपणाला लागून विस्थापितांची छावणी होती आणि उपासमारीनं खंगलेल्या मुलांचा तंबू माझ्याकडे होता.

भुकेलं मूल रडतं, असा माझा समज होता. खूप भुकेलं मूल रडत नाही. त्या तंबूत आवाजच नसायचा. पहिल्या सकाळी आत गेले तेव्हा मला वाटलं, सगळी झोपली आहेत. सगळ्यांचे डोळे उघडे होते.

काशिनाथ आमच्या लंगरचा स्वयंपाकी. लंगर म्हणजे फौजेतलं स्वयंपाकघर. वाढायला तो उभा राहिला की ताटावर हात आडवा धरूनही उपयोग नसे. तो बोटांच्या फटीतून भात सोडायचा.

“काश्या, माझी पँट बसेना रे आता,” सुभेदार साहेब ओरडायचे.

“मोठी इश्यू करून घ्या ना साहेब. भात कमी नाय होणार.”

“याच्या पंगतीला बसलं की उठायला रिकव्हरी व्हॅन लागते!” शेजारचा जवान म्हणायचा.

न्याकोर नावाची मुलगी आधी माझ्या तंबूत आलीच नाही. तिची आई रात्रभर चालून पहाटे तळाच्या मागच्या बाजूला पोहोचली. तिथे लंगरचा धूर दिसत होता. काशिनाथनं पोरीला पाहिलं आणि रव्याचा शिरा केला. तूप, साखर, दूध पावडर, सगळं सढळ हातानं. समोर बसून त्यानं तिला भरवलं. तिनं मान वळवली तेव्हा म्हणाला, “अजून एक घास, माय. एकच.” भाषा तिला कळत नव्हती, पण तिनं तो घास घेतला. मग आणखी घेतले.

संध्याकाळी तिला माझ्याकडे आणलं. पाय सुजले होते, धाप लागली होती. महिनोन्महिने उपाशी असलेलं शरीर एकदम आलेलं अन्न पेलू शकत नाही. रक्तातले क्षार ढासळतात, हृदय हरतं. म्हणून अशा मुलांना आधी पातळ दूध देतात, थोडं थोडं, दिवसरात्र. मी जे करता येतं ते सगळं केलं. पहाटे ती गेली.

काशिनाथ तंबूबाहेर उभा होता. सावधान, परेडला असावा तसा.

“मॅडम, शिरा खराब होता का?”

“नाही.”

“मग?”

मी सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “आमच्यात पाहुण्याला पुरे म्हणायची पद्धत नाय, मॅडम.” थोड्या वेळानं म्हणाला, “हसली होती ती.”

मला वाटलं, आता हा सुट्टी मागेल. त्यानं कमांडिंग ऑफिसरकडे अर्ज केला तो माझ्या तंबूत ड्युटी मिळावी म्हणून. सुभेदार साहेब म्हणाले, “वेडा आहेस का? रोज तेच बघणार?” दुसऱ्या सकाळी काशिनाथ हात धुऊन हजर झाला.

मोजपात्र त्याच्या हातात दिलं. रेघेपर्यंत दूध, रेघेवर थेंब नाही. मुलं चाटून कप रिकामा करत आणि त्याच्याकडे बघत. आया भांडत, त्याचा शर्ट ओढत. एकीनं त्याच्या तोंडावर कप फेकला. त्यानं तो उचलून धुतला. त्यांच्या भाषेतला एकच शब्द त्यानं शिकून घेतला, ‘उद्या’. तो प्रत्येक मुलाला सांगायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथे असायचा. तिसऱ्या आठवड्यात तंबूत पहिल्यांदा एक पोरगा मोठ्यानं रडला. काशिनाथ बाहेर गेला आणि बराच वेळ परत आला नाही.

पुढच्या महिन्यात धावपट्टीवर दुधाची खेप उतरली. तिथून तळापर्यंतच्या रस्त्यावर दोन दिवस गोळीबार चालू होता. तंबूतलं दूध संध्याकाळपर्यंतच पुरणार होतं. दोन गाड्या निघाल्या. दुसरीत काशिनाथ होता. खोकी उघडी राहिली तर पावडर भिजते, मी नीट बांधून आणतो, म्हणाला.

दुपारी रेडिओवर फायरिंगचा आवाज आला.

“टू, लोकेशन सांगा.” टू म्हणजे दुसरी गाडी.

काही नाही.

“टू, रिपोर्ट.”

मग ड्रायव्हरचा आवाज. “काशिनाथला लागलंय. दूध सेफ. परत सांगतो, दूध सेफ.”

गाडी आत आली तेव्हा नाडी नव्हती. मृत्यूची वेळ मीच नोंदवली. ‘दूध सेफ’ हे त्यानंच सांगायला लावलं होतं, असं ड्रायव्हरनं मला नंतर सांगितलं. तेव्हा तंबूत पुढच्या कपाची वेळ झाली होती. मी हात धुतले आणि मोजपात्र उचललं.

एवढं सगळं माझ्याजवळ होतं आणि मी घोटीत खाली बघून बसले होते. आमच्या तुकडीतलं कुणीतरी सुट्टीवर आल्यावर अर्धंच बोलून गेलं असणार. गावात ते अर्धंच राहिलं होतं. येताना गाडीत मी दोन वाक्यं जुळवली होती, तीही इंग्रजीत.

“वैनी, लोकांचं काय ऐकता,” सुभेदार साहेब म्हणाले. तेही आले होते. “पोर आधीच आजारी होती. काशिनाथचा काय संबंध?”

“मी मॅडमला विचारतेय,” सुमन म्हणाली. “वर्ष झालं, कोणी धड सांगत नाय. यांच्या हातनं गेली का ती?”

पडवीतलं लाटणं थांबलं. सुभेदार साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको.

“हो,” मी म्हणाले. “त्यांनी भरवलेल्या जेवणानंच गेली. त्यांना ते माहीत होतं, वहिनी. तरी ते रोज त्या तंबूत आले. बाकीची मुलं त्यांच्या हातनं जगली, आणि त्या मुलांचं दूध आणतानाच ते गेले.”

सुमन उठून आत गेली, दुसरं पान घेऊन आली आणि काशिनाथच्या पानाशेजारी मांडलं.

“नाव काय होतं तिचं?”

“न्याकोर,” मी म्हणाले. “चार वर्षांची होती.”