अडल्या माणसाचा डबा

खुर्चीला पाठ असते, ही गोष्ट साठी उलटली तरी ज्यांना समजलेली नाही असे एकच गृहस्थ माझ्या ओळखीत आहेत, ते म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. शहाडला त्यांच्या घरी जावं तर ते उभे, आणि आमच्याकडे वर्तकनगरला आले की चहाचा कप हातात घेऊन बाल्कनी ते दार फेऱ्या. बसलेच तर टोकावर, गाडी सुटत असल्यासारखे. कोपरीतल्या एका लग्नात अक्षता हातात यायच्या आधी त्यांनी हॉलचा मागचा जिना, दिव्याचं मुख्य बटण आणि पिण्याचं पाणी पाहून घेतलं आणि वधूपित्याला गाठून म्हणाले, “मागच्या दाराला कुलूप आहे. अडला माणूस जाणार कुठून?” हा अडला माणूस आमच्या कुटुंबात कोणी पाहिलेला नाही, पण सगळ्यांत जास्त काळजी त्याचीच घेतली जाते.

त्याचा पत्ता म्हणजे मुरबाडच्या पलीकडच्या एका गडावरची कातळात कोरलेली गुहा. तिला दार नाही, राखणदार नाही. तरुणपणी भाऊजी तिथे धुक्यात वाट चुकले, घोटा मुरगळला आणि दोन दिवस त्या गुहेत पडून राहिले. कोपऱ्यात कोणीतरी अर्धी मेणबत्ती, काडेपेटी आणि सुकी लाकडं ठेवलेली होती. “त्यावर निभावलं, वहिनी,” ते सांगतात. “कोणी ठेवलेली ते कळलंच नाही. थँक्यू म्हणायचं राहिलं.” तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गुहेत स्वतः ठेवलेला एक पत्र्याचा डबा तपासायला जायचे. माझ्या फ्रिजच्या दारावर कायम चार याद्या असतात, त्यामुळे यादी कशाला म्हणतात ते मला कळतं. डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली त्यांची यादी पाहून मी मनोमन हात जोडले होते. मेणबत्त्या, शिट्टी, दोरी, क्रेप बँडेज, गूळ-शेंगदाणे आणि काडेपेट्या दोन, त्यासुद्धा काड्या मोजून.

अडचण एकच होती. इतक्या वर्षांत तो डबा कोणी वापरलाच नाही. दर महिन्याला ते भरलेला डबा उघडायचे, हिरमुसायचे, जुने गूळ-शेंगदाणे काढून नवे भरायचे आणि जुने नातेवाइकांत वाटायचे. माझ्या मुलीची दुधाची दाढ त्यातच पडली. त्यांचा नियमही कडक. श्रावणात एकदा आम्ही सगळे गेलेलो, तर भाऊजींनी गुहेबाहेर सतरंजी अंथरली. गुहा अडल्या माणसाची, आपण तिथे जेवायचं नाही! पोळ्यांवर सर आली तेव्हा माझा नवरा म्हणाला, “भाऊजी, आता तरी अडलो की नाही?”

“छत्री आहे ना? मग नाही अडलास. भाजी वाढ.”

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गड बंद केला. पहिला रविवार जवळ आला तशी ताईंची, म्हणजे माझ्या नणंदेची, झोप उडाली. शनिवारी सकाळी त्यांचा फोन. “अगं, हा माणूस वॉकर घेऊन एसटी बघायला निघालाय! तू तरी सांग.” मी फोनवरच सांगितलं, उद्या आम्ही दोघं जातो. भाऊजींनी माझी तोंडी परीक्षा घेतली आणि शेवटी संशयाने विचारलं, “काड्या मोजाल?”

“मोजीन.”

गुहेत पोचून मी डबा उघडला आणि नवऱ्याला हाक मारली. गूळ-शेंगदाणे संपलेले, बँडेज नाही, एक मेणबत्ती अर्धी. आणि कोपऱ्यात नव्याने रचून ठेवलेली सुकी लाकडं. मी काड्या दोनदा मोजल्या.

तसेच शहाडला गेलो. “नऊ काड्या कमी आहेत, भाऊजी,” मी म्हटलं, मग बाकीचं क्रमाने सांगितलं. ते हळूहळू मागे रेलले, आणि खुर्चीची पाठ त्यांच्या पाठीला टेकलेली मी तेवढी एकदाच पाहिली. ताईंनीही पाहिली, कारण त्या चहा गाळायच्या थांबल्या.

जेमतेम दोन मिनिटं. मग ते ताठ झाले. “बँडेज गेलं म्हणजे पाय दुखावलेला. अहो, तो उतरला कसा? घरी पोचला असेल ना?”



आता पहिला रविवार माझ्याकडे आहे. झाकणावर भाऊजींच्या अक्षरात एक ओळ वाढली आहे, ‘घरी पोचलात की कळवा’, आणि खाली त्यांचा नंबर. अजून कोणी कळवलेलं नाही. फोन मात्र ते पहिल्याच रिंगला उचलतात, आणि पलीकडे गॅसवाला निघाला की त्यांचा चेहरा पडतो, असं ताई सांगतात. म्हणून हल्ली गडावरून परत आले की मी चपला काढायच्या आधी त्यांना फोन लावते.

“पोचले, भाऊजी.”

“पोचलात ना? बरं झालं,” ते म्हणतात, आणि थोडा वेळ फोन ठेवत नाहीत.