भावजींना पडावात उतरवलं

बायांनो, आज दुपारीच आगबोटीतून रत्नागिरीला उतरले. अजून लुगड्याचा काठ ओला आहे, पण आधी तुम्हाला सांगते.

आमची वेंगुर्ल्याची आठ दिवसांची सहल संपली. धाकट्या भावजींनी सगळ्या घराला नेलं होतं. सकाळी बोटीवर मला म्हणतात कसे, "वहिनी, पुढल्या वर्षी तुम्ही घर राखा. विधवा बाई सहलीला आली की लोक नावं ठेवतात."

मी मनात म्हटलं, येणार म्हणजे येणारच!

आपल्याकडे आगबोट लांब पाण्यात थांबते. शिडीने खाली पडावाच्या होडीत उतरायचं आणि पडावातून किनाऱ्याला यायचं. पहिलं पाऊल विधवेचं नको, म्हणून मला सर्वांच्या मागे उभी केली. पुढे भावजी. खाली पडाव लाटेवर उसळायला लागला, तसे ते शिडीच्या तोंडाशीच कठडा धरून थिजले.

"सरा हो बाजूला," म्हटलं, कासोटा खोचला आणि उतरले.

मग आले बापडे, पण शेवटच्या पायरीवर पुन्हा अडले. "वहिनी, हात द्या!"

"पुढल्या वर्षी मी येऊ ना?"

"आधी हात द्या हो!"

"आधी सांगा."

"या! सगळ्यांच्या पुढे या!"

वर जाऊबाई पदरात तोंड घालून हसत होत्या.

घरी येताना भावजी हळूच म्हणाले, "ते आपलं घाईत बोललो हां."

म्हणून तर आजच्या आज तुम्हा सगळ्यांना कळवते आहे. पुढल्या वर्षी ते विसरले, तर तुम्ही विसरणार नाही ना?