दुर्गाबाईंच्या शेजारची जागा

मोशीच्या त्या लहानशा लुथरन ख्रिस्ती मंडळीत नव्या माणसाला आधी सुमनताई भेटतात, मग पाळकसाहेब आणि मग देव, असं दादासाहेब अमोलिक गमतीनं म्हणायचे. सुमनताई त्यांची बायको, तेव्हा बोलायचा हक्क त्यांना होताच. शिवाय रविवारी सकाळी ताईंचा अर्धा चहा कपात असतानाच दादासाहेबांना खाली रिक्षा चालू करून उभं राहावं लागे.

सुमनताईंचं काम होतं जागा दाखवायचं. बायका डाव्या हाताला, पुरुष उजव्या हाताला, ही मंडळीची पहिल्यापासूनची रीत. जालना आणि नगरकडची कुटुंबं ती गावाहून बरोबर घेऊन आली होती, आणि चाकणला कामासाठी आलेल्या झारखंडच्या लोकांकडेही तशीच होती, त्यामुळे दोन्हीकडच्या माणसांचं बाकीच्या गोष्टींवर कधी जमलं नाही तरी याच्यावर जमलेलं होतं. पण बाजू ठरलेली असली म्हणून जागा ठरत नाही, हे सुमनताईंनाच ठाऊक. तान्हं मूल घेऊन आलेली बाई दाराजवळ. गुडघे धरलेला म्हातारा बाकाच्या टोकाला, म्हणजे उठताना कुणाला ओलांडायला नको. रात्रपाळी करून थेट आलेला पोरगा खांबाच्या आड, कारण उपदेशात त्याचा डोळा लागणार आणि पाळकसाहेबांना ते दिसू नये. नवऱ्यानं सोडलेली एखादी बाई पहिल्यांदा आली, की तिला दोन बडबड्या बायकांच्या मधे. आपल्या दारात आलेलं माणूस उभं राहिलेलं नाही, हा सुमनताईंचा अभिमान होता आणि तो खराही होता.

माणसं ओळखायची ही नजर कंपनीत तयार झाली होती. मोटारीच्या आत तारांचा जो जुडगा पसरलेला असतो, त्याला हार्नेस म्हणतात. मोठ्या फळीवर खुंट्या असतात, त्यांच्यामधून रंगीत तारा फिरवायच्या, टोकांना कनेक्टर बसवायचे आणि वरून टेप गुंडाळत जायची. चाकणच्या एका कंपनीत सुमनताई टेप गुंडाळायला लागल्या आणि लाइन लीडर होऊन निवृत्त झाल्या. सुजित पाळकसाहेब तेव्हा नुकतेच मंडळीत आले होते, तरुण आणि उत्साही. त्यांनी कुठूनशी मोडीत निघालेली एक फळी मिळवली, चर्चच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाले, ताई, आता ही तुमची.

तेव्हापासून बुधवारी संध्याकाळी ती खोली भरू लागली. वय झालं म्हणून बालगृहातून बाहेर पडलेली पोरं, कंत्राटदारानं एका फोनवर घरी बसवलेली, घरच्यांनी दार लावून घेतलेली. कुणाची जात-धर्म कुणी विचारत नसे, आणि प्रार्थनेला बसलंच पाहिजे असंही नव्हतं. काम शिकायचं, चहा-खारी खायची, आणि हात बसला की सुमनताई जुन्या ओळखीत फोन फिरवायच्या. पिंपरीच्या बौद्ध घरातला धम्मपाल तिथंच शिकून नोकरीला लागला होता आणि आता सुट्टीच्या दिवशी नव्या पोरांना शिकवायला यायचा. भाऊ, टेप ओढू नका, तिला मागं येऊ द्या, असं तो अगदी सुमनताईंच्या सुरात सांगायचा आणि ताई तोंडाला पदर लावून हसायच्या.

स्नेहलला तिथं आणलं ते धम्मपालनंच. चाकणजवळच्या जुन्या शेतकरी घरात ती मुलगा म्हणून वाढली. आपण मुलगी आहोत हे तिला कळत्या वयापासून माहीत होतं. एकोणिसाव्या वर्षी तिनं ते घरी सांगितलं, आणि वडिलांनी, सोपानरावांनी, तिला त्याच दिवशी बाहेर काढलं. नाव तेवढं घरचं राहिलं. स्नेहल मुलाचंही असतं आणि मुलीचंही. आता ती मेदनकरवाडीत एका खोलीत राहायची, मिळेल ते काम करायची. बोटं चपळ होती. तिसऱ्या बुधवारी तिनं बांधलेला जुडगा सुमनताईंनी उलटापालटा करून पाहिला आणि सगळ्यांना दाखवायला मधे ठेवला.

बुधवारबरोबर ती रविवारीही येऊ लागली. पण आत नाही. जिथं सगळ्यांच्या चपला काढलेल्या असत, त्या पायरीवर बसून ती गाणी ऐकायची आणि उपासना संपायच्या आत निघून जायची. सुमनताईंना ते कळलं तेव्हा त्या बेचैन झाल्या. आपल्या दारात माणूस बाहेर बसतं म्हणजे काय. तिला आत बोलवायचं तर डावीकडं की उजवीकडं, हा प्रश्न होता. उजवीकडं बसवणं त्यांच्या मनाला पटेना. डावीकडं बसवलं तर बायका काय म्हणतील, याची खात्री वाटेना. शेवटी त्यांना एक तोड सुचली आणि ती सुचली म्हणून त्यांना बरंही वाटलं. हॉलमधली लाल प्लास्टिकची खुर्ची त्यांनी पुसून घेतली, बाकांच्या दोन रांगांमधल्या वाटेत, अगदी मागं ठेवली, आणि स्नेहलला हाताला धरून तिच्यावर बसवलं. खास तुझ्यासाठी, म्हणाल्या.

त्या रविवारी पुरुष उजवीकडून वळून पाहत होते, बाया डावीकडून. स्नेहल मान खाली घालून बसली होती. पुढच्या रविवारी ती आली नाही. बुधवारीही आली नाही.

सुमनताईंना कळेना आपलं काय चुकलं. जेवताना त्यांनी दादासाहेबांकडं विषय काढला. मी तर तिला एकटीला खुर्ची दिली, त्या म्हणाल्या, बाकीचे सगळे बाकावर.

दादासाहेबांनी घास संपवला. "तुमच्या कंपनीत लाइनच्या टोकाला लाल ट्रे असायचा ना," ते म्हणाले, "नापास माल ठेवायला. मला तसंच दिसत होतं."

"अहो, काहीतरीच काय."

"मी पुरुषांच्या बाजूला बसतो बाई. तुझं तोंड दाराकडं असतं. मला दिसतं ते सांगितलं."

सुमनताई उठल्या आणि ओट्यापाशी बराच वेळ काहीबाही आवरत राहिल्या. लाल ट्रेमधला माल रोज संध्याकाळी त्या स्वतः मोजायला उभ्या राहायच्या. त्यातल्या कशाला कुणी परत हात लावत नसे.

त्यात धम्मपालचा फोन आला. स्नेहल खोली सोडतेय, तो म्हणाला. कुणी ओळखीचा आहे, तो पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी तिला सुरतला घेऊन जाणार आहे. काम काय आहे ते विचारलं तर तिलाच नीट सांगता येईना. सुमनताईंना पुढचं काही विचारायची गरज वाटली नाही. कंपनीत असताना अशा ओळखीच्यांबरोबर गेलेल्या पोरी त्यांनी पाहिल्या होत्या, आणि त्यातली एकही त्यांना नंतर दिसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या मेदनकरवाडीला गेल्या. स्नेहलनं दार उघडलं. खोलीत एक पिशवी भरून ठेवलेली. तिनं चटई टाकली, पाणी दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. सुमनताईंनी आल्या आल्या सांगून टाकलं की खुर्चीचं माझं चुकलं. स्नेहल म्हणाली, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत मावशी, पण एवढ्या सगळ्यांत मी एकटीच पाहुणी होते. पाहुणा शेवटी जायचाच असतो.

मग सुमनताईंनी तिला तो प्रश्न विचारला, जो इतक्या वर्षांत त्यांनी कुणालाच विचारला नव्हता, कारण उत्तर त्यांना आधीच ठाऊक असायचं.

"तुला कुठं बसायचंय?"

गावात ती लहानपणापासून भजनात टाळ धरायची, हे तिनं तेव्हा सांगितलं. आवाज चांगला म्हणून पुढं बसवायचे, वडिलांच्या शेजारी. "पुरुषांत बसून खूप गायले मावशी," ती म्हणाली. "आता बायकांत बसून गायचंय. ती पहिल्या बाकावरची म्हातारी आहे ना, जिचा आवाज बाहेर पायरीपर्यंत येतो. तिच्या शेजारी."

रविवारी ये, बसवते, असं सुमनताई बोलून गेल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ती म्हातारी म्हणजे दुर्गाबाई.

दुर्गाबाई शिरसाट मंडळीच्या सगळ्यात जुन्या सभासद. त्यांच्या शेजारची जागा कायम रिकामी असायची, आणि ती राखीव होती म्हणून नाही. गाताना कुणाचा सूर हलला, की दुर्गाबाई पुढं पाहत गात राहायच्या आणि कोपरानं शेजारणीच्या बरगडीत ढोसायच्या. पाळकसाहेबांच्या बायकोनंही एकदा तो कोपर खाल्ला होता. आजवर सुमनताईंनी त्या जागेवर एकाही नव्या बाईला बसवलं नव्हतं, दयाच यायची.

दुर्गाबाईंना आधी विचारून ठेवावं का, हा विचार त्यांनी आठवडाभर केला. दोनदा त्यांच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आल्या. मग ठरवलं, नाही विचारायचं. बाकावर कुणी बसायचं याची परवानगी कुणालाच कधी मागितलेली नव्हती. स्नेहलसाठी मागितली, तर ती पुन्हा खुर्चीच झाली असती.

रविवारी स्नेहल आली. साधा आकाशी पंजाबी ड्रेस, ओढणी खांद्यावर. सुमनताईंनी तिचा हात धरला आणि मधल्या वाटेनं चालू लागल्या. मागचे बाक गेले, खांब गेला. कुजबुज त्यांच्यामागून येत होती. पहिल्या बाकापाशी त्या थांबल्या. "दुर्गाबाई, सलाम. जरा सरकता का? ही स्नेहल."

दुर्गाबाईंनी चष्म्यातून स्नेहलकडं पाहिलं. पायांपासून वरपर्यंत आणि मग पुन्हा. त्या सरकल्या नाहीत. पेटी वाजवणाऱ्या मुलानं भात्यावरचा हात थांबवला. पोरगी सुटून मागं पळेल म्हणून सुमनताईंनी तिचा हात घट्ट आवळला.

"डोक्यावर घे ती ओढणी," दुर्गाबाई म्हणाल्या. "प्रार्थनेला बाया अशा बोडक्या बसतात का? काही शिकवलंय का नाही तुला कुणी?"

आणि त्या सरकल्या.

स्नेहलनं ओढणी डोक्यावर घेतली. ती घसरली, तेव्हा दुर्गाबाईंनीच च्च करून ती पुढं ओढून दिली आणि गीताचं पुस्तक उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. सुमनताई मागं आपल्या दाराशी परत आल्या. वाटेत त्यांना कुणाचेच चेहरे दिसले नाहीत. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला दुर्गाबाईंचा कोपर हलला. स्नेहल दचकली, सूर सावरला आणि गात राहिली. दारात उभ्या असलेल्या सुमनताईंनी तो कोपर पाहिला आणि डोळे पुसले. ढोसणं इतकं गोड वाटेल असं त्यांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी मानलं नसतं.

प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस देतात तेव्हा, बाप्तिस्मा न झालेली माणसं नुसत्या आशीर्वादासाठी पुढं येतात. स्नेहल जागेवरच बसणार होती. दुर्गाबाईंनी तिला उठवलं. बायांच्या ओळीत, दुर्गाबाई आणि झारखंडच्या एका सुनेच्या मधे, ती गुडघ्यावर बसली. सुजित पाळकसाहेबांनी एकेकीला भाकर देत येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला, बाकीच्यांच्या डोक्यावर ठेवायचे तेवढाच वेळ, कमी नाही की जास्त नाही.

उपासनेनंतर मागच्या अंगणात प्रीतिभोजन होतं. तिथं चिमाजीरावांनी विषय काढला. चिमाजीराव कमिटीतले जुने वडील, नियमाचे पक्के, मनानं वाईट नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच की असा नवा पायंडा पाडण्याआधी कमिटीला विचारायला हवं होतं. ते हे सुमनताईंना सांगत होते, पण आवाज सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा होता. पानं वाढणारे हात मंदावले. स्नेहल पाण्याचा जग घेऊन उभी होती ती तशीच राहिली.

सुमनताईंनी उत्तर जुळवायला सुरुवात केली होती. त्यांच्याआधी दुर्गाबाई बोलल्या, पानावरची नजरही न उचलता.

"बायकांच्या बाकावर कुणी बसायचं ते बायका बघतील, चिमाजीराव. तुमच्या बाकांवर जे घोरतात त्यांचं कमिटी काय करते ते आधी सांगा." कुणीतरी फसकन हसलं, मग पुष्कळ जण. दुर्गाबाईंना हसवायचं नव्हतं. "ती पोरगी आमच्या बाकावरची आहे. तिच्याविषयी काही विचारायचं असेल तर मला येऊन विचारा."

चिमाजीरावांना ते पटलं असं नाही. पण त्यांनी तो विषय पुन्हा कुठं काढला नाही, आणि स्नेहल त्यांच्या पंगतीत आली तेव्हा पेला पुढं धरला.

दुर्गाबाईंनी जेवण संपवून हात धुतले आणि स्नेहलला जवळ बोलावलं. "आवाज खालचा आहे तुझा," त्या म्हणाल्या. "असू दे. आमच्याकडं सगळ्या चिमण्याच भरल्यात, खाली धरणारं कुणी नव्हतं. शनिवारी माझ्याकडं सराव असतो. पाच म्हणजे पाच."

सुमनताई वाढता वाढता थांबल्या. सुरतची गाडी शुक्रवारची होती. हे अंगणात स्नेहलला आणि त्यांनाच माहीत होतं. दुर्गाबाईंना सांगून टाकावं असं एकदा ओठांवर आलं, पण त्यांनी आवरलं. ही जागा कुणी दाखवायची नव्हती. ती ज्याची त्यानंच घ्यायची होती.

स्नेहलनं जग खाली ठेवला. "घर कुठं तुमचं?" तिनं विचारलं.

दुर्गाबाई रस्ता सांगू लागल्या, कुठल्या वळणाला वळायचं, कुठलं दार वाजवायचं नाही कारण तिथं कुत्रा आहे. मधेच त्यांना वाटलं पोरगी नीट ऐकत नाही, म्हणून त्यांनी ते पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. स्नेहलनं सगळं बरोबर सांगितलं. मग बाजूला जाऊन तिनं त्या सुरतवाल्याला फोन लावला. सुमनताईंच्या कानावर एवढंच पडलं: नाही दादा, शुक्रवारी नाही आणि नंतरही नाही, मला शनिवारी सरावाला जायचंय.

सुमनताईंनी भाजीचं पातेलं उचललं आणि पुढच्या पंगतीला वाढायला घेतलं. पहिलंच पान चिमाजीरावांच्या बायकोचं होतं. चारचौघांत त्यांच्या नवऱ्याचं हसं झालं होतं; ताईंनी त्यांना दोन डाव जास्त वाढली.